सापळ्यातला आकडा

सापळ्यात लावायच्या गोळीला वास असतो म्हणतात. मला तो कधी आलाच नाही. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कोणी पाहत नाही असं बघून नाकाशी धरली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा रबराचा वास आला, बाकी काही नाही. पण गुलाबी अळीच्या नर पतंगाला त्यात मादीचा वास येतो. तो लांबून येतो, सापळ्याच्या नरसाळ्यात शिरतो आणि खाली बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पडतो. तिथे मादी नसतेच. सकाळी मी जाते तेव्हा काही मेलेले असतात, काही पिशवीच्या कडेने वर चढत असतात आणि पुन्हा घसरत असतात. मी त्यांना मोजते.

आमची कपाशी पारोळा तालुक्यात, अडीच एकर. तिच्यात पाच सापळे आहेत. ते माझ्याकडे कसे आले तर असे, की गावात कृषी खात्याच्या बाई आल्या होत्या. मारुतीच्या ओट्यावर बैठक झाली. बाया मागे बसल्या, मी बायांच्याही मागे. बाईंनी सापळा वर धरून दाखवला आणि याला कामगंध सापळा म्हणतात असं सांगितलं. त्या शब्दाने मी मान खाली घातली. पुढे एक म्हातारी आजी होती. ती सगळं नीट ऐकून म्हणाली, "म्हंजे त्या बिचाराले फसाडतस तुम्ही!"

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. "आजी, नर इथे फसला की मादीला जोडीदार मिळत नाही. मग अंडी नाहीत, अळी नाही."

"आमना गावमा बठ्ठा नर असाच फसेल शेतस," आजी म्हणाली. गावातल्या सगळ्याच पुरुषांना फसलेलं ठरवल्यावर बैठक काही नीट झालीच नाही. माणसं उठून गेली. बाईंच्या हातात नमुन्याचे पाच सापळे उरले होते आणि ओट्यावर मी एकटी उरले होते. त्यांनी ते माझ्या हातात दिले. नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी घेतले.

जाता जाता त्यांनी फळमाशीचाही उपाय सांगितला. बाटलीला भोक पाडायचं, आत गूळपाणी आणि ठेचलेली तुळस घालायची. दाराच्या गिलक्याच्या वेलाला मी ती बाटली लगेच बांधली. तिचा वास मात्र मलाही येतो. आंबूस, गोड. दारात बसलं की दिवसभर येतो.

सापळ्यांचं काम मी मनापासून घेतलं त्याला कारण वेगळं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझे घरवाले फवारणीत विषबाधा होऊन पडले होते. भादव्यातली गोष्ट. कपाशी छातीला लागली होती. अंगात बनियन, पाठीवर पंप. तोंड बांधायची आमच्याकडे कोणाला सवय नाही, उकडतं म्हणतात. पंपाचं नोजल अडकलं की ते काढून तोंडाने फुंकायचं, ही मात्र सगळ्यांची सवय. सासरेही तसंच करायचे. त्या दिवशी यांनी दोनतीनदा फुंकलं असेल. दुपारी बांधावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "तू दोन दिखी रायनी मले." मला वाटलं थट्टा करतात. मग तोंडातून फेस आला. धुळ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो. जीव वाचला. डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत. माणूस दिसतो, पण कोण ते आवाजावरून ओळखतात. हात थोडा कापतो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यापुढे यांच्या अंगाला औषध लागता कामा नये. दुसऱ्यांदा मी काही सांगू शकणार नाही." पिंप्राळ्याला दिलेली माझी मुलगी शेजारी उभी होती. तिने तिथेच माझ्याकडून वचन घेतलं. अजून फोन केला की आधी तेच विचारते, पंप कुठे आहे म्हणून.

पंप पडवीत खुंटीला होता. विकू द्यायला हे तयार नव्हते. मी काढून लपवला तर दुसऱ्याचा आणतील, हेही मला माहीत होतं. शेतात काम करणाऱ्या माणसाला दारात बसवलं की तो कुठल्यातरी वस्तूला धरून राहतो. यांनी त्या पंपाला धरलं होतं. एकदा मी मजूर लावू म्हटलं, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंनी नियम सांगितला होता. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस आले तरच फवारणी. त्याआधी नाही. मी तो नियम घरी सांगितला. हे म्हणाले, "बरं. आठवर मी उठसू." मग मी मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि रोजचा आकडा लिहू लागले. चौथीपर्यंत शिकले तेवढं त्याला पुरतं.

तेव्हापासून रोज सकाळी भाकरी टाकून मी शेतात जायची. पाच सापळे, पाच पिशव्या. गाठ सोडायची, मोजायचे, मातीत पुरायचे, गाठ बांधायची. परत आले की हे ओट्यावरून विचारायचे, "कितला?" मी सांगायची, "दोन." "तीन." "एक." एवढंच आमचं सकाळचं बोलणं.

शेजारच्या शेतातले नाना बांधावरून बघायचे. त्यांनी तोवर दोनदा औषध मारलं होतं. मला ऐकू जाईल अशा बेताने ते आपल्या बैलांना सांगायचे, "देखा रे, वहिनी पाखरे मोजी रायनी. मोजा माय, मोजा. दिवाईले पाखरेच ईका." मी वर बघत नसे. बोट पिशवीत असायचं, आकडा चुकू नये म्हणून ओठ हलत असायचे.

मधे एक चूक माझ्याकडून झाली. महिन्याने गोळ्या बदलायच्या असतात. नव्या लावल्या आणि जुन्या पाच हातात राहिल्या. मला काही फेकवत नाही. तुटकी सुई, दोरीचा तुकडा, सगळं मी कुठेतरी खोचून ठेवते. त्या गोळ्याही शेतातल्या झोपडीच्या कुडात खोचल्या. पुढचे चार दिवस झोपडीजवळचे सापळे रिकामे. मी खूश होते. वहीत शून्य लिहिताना मला शाळेत पाढा बरोबर आल्यासारखं वाटत होतं. मग एका सकाळी विळा घ्यायला झोपडीत गेले तर कुडाच्या फटीफटीत पतंग बसलेले. सगळे तिथे आले होते. बाईंना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, जुन्या गोळीतही वास उरतो. ती पुरून टाकायची असते."

हे मी घरी सांगितलं. लपवलं नाही. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हे मोठ्याने हसले. "पतंगसले झोपडीमा पाव्हनचारले बलाय का वं तू? चहा बी पाजाना व्हता!" पुढे दोन दिवस जो कोणी ओट्यावर येईल त्याला ते ही गोष्ट सांगत होते. मला लाज वाटत होती, पण ते हसत होते म्हणून मी काही बोलले नाही.

पितरांची अमावस्या झाली आणि आकडा चढायला लागला. पाच. सहा. मग एका सकाळी पहिल्याच पिशवीत आठ. मी दोनदा मोजले. बाकीच्या सापळ्यांतही तसेच होते. घरी आले आणि खरं ते सांगितलं, "आठ."

हे लगेच उठले, भिंतीला हात लावत पडवीत गेले आणि पंप काढला. मी भांडी घासत होते. त्यांनी पंप मांडीवर घेतला, फडक्याने पुसला, पट्टे ओढून पाहिले. नोजल काढलं आणि सवयीने तोंडाशी नेऊन फुंकलं. आत काही नव्हतं, कोरडा होता. पण माझ्या हातातून तवा निसटला. तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जसा पोळ्याला बैल सजवताना असायचा. "अजून दोन दिन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौदा होते.

ओट्यापाशी आले तेव्हा हे वाटच बघत होते. "कितला?"

"पाच," मी म्हणाले.

मला खोटं बोलता येत नाही असं माहेरी सगळे म्हणायचे. मुळात मी बोलतच कमी, तर खोटं कुठून बोलणार. पण ते किती सोपं होतं याचंच मला नवल वाटलं. वहीत पाच लिहिलं. वही ते वाचू शकत नव्हते, तरी लिहिलं. मुद्दा तीन सलग दिवसांचा होता, तो तुटला. पंप परत खुंटीला गेला.

मग रोज तेच. तेरा, सांगायचे चार. सतरा, सांगायचे पाच. एक दिवस वीसच्या वर होते, मी मोजणं सोडलं. त्या दिवशी तीन सांगितले. त्यांच्या डोळ्यांचा मी फायदा घेतला. दुसरं काही म्हणता येणार नाही.

बाईंना फोन करून खरं विचारावं असं रोज वाटायचं. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. त्या म्हणाल्या असत्या, फवारा. त्याऐवजी मी हातांनी अळी काढायला लागले. अळी शिरलेलं कपाशीचं फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. दुपारभर ओळीओळीने फिरून मी डोमकळ्या खुडायची, ओटीत घालायची आणि बांधाबाहेर खड्ड्यात जाळायची. नवरात्रात देवीची ओटी भरायच्या दिवसांत माझी ओटी अशी भरत होती. अडीच एकर एका बाईच्या हाताने होत नाही. एका टोकाला पोहोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा कळ्या चिकटलेल्या असायच्या. घरी येऊन भाकरी थापताना खांदा वर जात नसे. हे म्हणायचे, "आठनं खाले आकडा शे, मंग तू इतली कसाले थकस?" मी म्हणायची, निंदणी आहे.

दसऱ्यानंतर हे शेतात आले. मला न सांगता, नानांचा हात धरून. मी लांबून पाहिलं आणि तिथेच उभी राहिले. नाना निघून गेले. हे ओळीत शिरले आणि एक हिरवं बोंड तोडलं. डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठ्याने दाबून फोडलं आणि बोटाने आत चाचपलं. मग दुसरं तोडलं. मग तिसरं. तिसऱ्यातली अळी त्यांच्या बोटावर चढली असावी, कारण त्यांनी बोट तसंच हवेत धरून ठेवलं.

मी जवळ गेले. माझी चाहूल त्यांना कळली.

"कितला व्हतात?"

मी ओटीतल्या डोमकळ्या सावरल्या.

"मी ईचारी रायनू. खरा कितला व्हतात?"

"चौदा," मी म्हणाले. "मग सतरा. एक दिवस वीसच्या वर."

"आन मले काय सांगं?"

"पाच."

ते अळीकडे बघत होते, किंवा अळी असेल तिथे बघत होते. "मंग कापूस कोन्ही खादा? अळीनी, का तू?"

औषधाने तुमचे डोळे खाल्ले ते कोणी मोजलं, हे माझ्या मनात आलं. तोंडातून निघालं नाही. मी एवढंच म्हणाले, "तुम्ही पंप उचलला असता."

"हा. उचलता."

"म्हणून नाही सांगितलं."

 शेवटी त्यांनी बोट पानाला पुसलं आणि म्हणाले, "मजूर सांग कोनले तरी." एवढं बोलायला त्यांना दोन वर्षं लागली होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी फार थकले होते, आणि फवारायला कोण येईल हे मला तेव्हाच दिसलं होतं.

कापूस वेचायला माझ्या बरोबरीने एक बाई असते. बारा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या ओळी धरतो. ती बोलते, मी ऐकते. तिचा घरवाला फवारणीच्या मजुरीवर जातो. मी तिला सांगायला गेले तर ती खूश झाली. "बरं व्हयनं माय, दोन दिन काम नव्हतं त्यासले. सकायलेच धाडस." तिच्या पडवीत बसून मी चहा प्यायले. कपातला चहा संपेपर्यंत मला वाटत होतं की आता सांगावं. काय सांगायचं? की माझ्या माणसाला जे लागू नये ते तुझ्या माणसाच्या अंगावर घालते आहे? तिला ते माहीतच होतं. मजुरी म्हणजे तेच असतं.

बाईंनी फोनवर कोणतं औषध, किती, ते सांगितलं. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, हेही सांगितलं. दुसऱ्या सकाळी तिचा घरवाला आला. सगळे त्याला भाऊच म्हणतात. अंगात बनियन. आमचाच पंप त्याने पाठीवर घेतला, पट्टे स्वतःच्या मापाने घट्ट केले. मी मोजे आणि धुतलेलं फडकं पंपाच्या शेजारी ठेवलं होतं. त्याने पाहिलं आणि बांधावर ठेवून दिलं. परपुरुषाशी बोलायची मला सवय नाही. बारा वर्षांत त्याच्याशी माझं एक वाक्य झालं नव्हतं. हे लांब, लिंबाखाली उभे होते. वारा कुठून आहे तेवढं ओरडून सांगत होते.

मला घरी जाऊन भाकरी करायची होती. चार पावलं गेले आणि परत बांधावर येऊन बसले.

तिसऱ्या ओळीत पंप थांबला. भाऊने नळी हलवली. नोजल पिळून काढलं. आणि ते उचलून तोंडाशी नेलं.

"तोंडाला लावू नका!"

एवढा मोठा आवाज माझाच होता हे मला जरा उशिरा कळलं. नानांनी पलीकडच्या शेतात बैल थांबवले. भाऊ नोजल हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी कपाशीतून तशीच धावत गेले, सकाळीच झोपडीच्या कुडातून ओढून ठेवलेली खराट्याची काडी हातात होती. ती त्याला दिली. फडकंही दिलं.

"भाऊ, आधी तोंड बांधा. मोजे घाला. मग काडीने काढा."

तो हसला. "वहिनी, तुम्हले बोलता येस? मी समजी रायंतू तुम्ही मुक्या शेतस."

लिंबाखालून यांचा आवाज आला, "आयक रे भो तिनं. मी नही आयकं." एवढंच. 

त्याने फडकं बांधलं. उकडतंय म्हणून दोनदा खाली ओढलं, दोनदा मी बांधावरून हाताने खूण केली आणि त्याने वर घेतलं. काम होईपर्यंत मी उठले नाही. दुपारी दोन घागरी पाणी आणि साबणाची वडी त्याच्यापुढे ठेवली. तो नुसते हात धुऊन निघत होता. मी म्हणाले, "मानही धुवा. पाय बी." त्याने धुतले. मी तोंड फिरवून उभी होते, पण पाण्याचा आवाज थांबेपर्यंत हलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सापळ्यांकडे गेले नाही. आधी त्यांच्या दारात गेले. तो ओट्यावर बसून मिसरी लावत होता. मी उभी राहिलेली पाहून त्याची बायको म्हणाली, "काय वं, इतली सकायमा?" मी म्हणाले, काही नाही, सहज. तिला कळलं असेल. तिने मला आत बोलावलं नाही, कढईतलं उलथनं तसंच हातात धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते जेवनात राती. दोन भाकरी." मी मान हलवली आणि शेताकडे निघाले.

खालची बोंडं गेलीच होती. त्यातला कापूस पिवळट निघाला, कवडी म्हणतात तसला. वरची काही वाचली. यंदा वेचणी लवकर संपेल. नाना बांधावरून काही म्हणत नाहीत, त्यांचीही बोंडं तशीच निघाली आहेत.

सापळे अजून आहेत. सकाळी मी मोजते, मातीत पुरते, गाठ बांधते. घरी आले की हे ओट्यावरून विचारतात, "कितला?"

मी सांगते, "सात."

मग ते थोडं थांबतात आणि म्हणतात, "खरं शे ना?"

पूर्वी एकदाच विचारायचे.